सईच्या ॲडमिशनबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
२० डिसेंबर

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर ‘डिफर झालंय, नंतर बोलते’ एवढंच सांगितलं, आणि तेव्हापासून बाबांचे मेसेज येतायत. मार्क कमी पडले का, पुढची यादी कधी लागणार, आम्ही काय करू? सई घरात वावरत असताना फोनवर मोकळेपणानं बोलता येत नाही, म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, आईला वाचून दाखवा.

मार्क कमी पडलेले नाहीत. माझ्या वेळी पीसीएमची बेरीज आणि यादीतला नंबर कळला की कुठे मिळणार ते घरबसल्या सांगता यायचं. तुम्ही पंचांगाच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं अंदाज मांडला होतात, तो बरोबरही निघाला. इथे अशी यादी लागतच नाही. हायस्कूलचे ग्रेड, अवघड विषय किती घेतले, शिक्षकांची शिफारसपत्रं, निबंध, शाळेबाहेर काय केलं, हे सगळं माणसं बसून वाचतात आणि ठरवतात. कट-ऑफ नसल्यामुळे आपण कुठे कमी पडलो ते कधीच कळत नाही. सईला सगळ्यात जास्त तेच लागलंय.

ती ज्या फेरीत होती तिला ‘अर्ली डिसिजन’ म्हणतात. एकाच कॉलेजला नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज करायचा आणि लिहून द्यायचं की घेतलंत तर तुमच्याकडेच येणार, बाकीचे अर्ज मागे घेणार. त्यावर मुलीची, आई-वडिलांपैकी एकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची सही लागते. कॉलेजला हक्काचे विद्यार्थी मिळतात, मुलांना निकाल डिसेंबरच्या मध्यावर कळतो. मला ही पद्धत पटत नाही. खाजगी कॉलेजचा वर्षाचा खर्च ८०-९० हजार डॉलरच्या घरात जातो, आणि दुसरीकडे किती मदत मिळाली असती हे न बघताच आधी शब्द द्यायचा. ज्यांना पैशांचा विचार करावा लागतो त्यांनी काय करायचं? याच कारणावरून २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं आपल्या लवकरच्या फेऱ्या बंद करायचं जाहीर केलं होतं. २०११ मध्ये दोघांनीही त्या पुन्हा आणल्या, दोन्हीकडे शब्दाचं बंधन न घालता.

निकाल इथल्या संध्याकाळी सातला, म्हणजे तुमच्या पहाटे साडेपाचला लागायचा होता. सईनं एकटीनंच बघायचं ठरवलं होतं. मी जिन्यात बसून होते. प्रवेश मिळाला की बऱ्याच कॉलेजांच्या पोर्टलवर पत्राच्या आधी रंगीत कागद उडतात, हे इथल्या सगळ्या मुलांना माहीत असतं. पडदा उघडला आणि काहीच उडालं नाही, तेव्हा पत्र वाचायच्या आधीच तिला कळलं. खाली आली, म्हणाली, ‘डिफर.’ भातावर वरण घेतलं, दोन घास खाल्ले. मग ज्या मैत्रिणीला तिच्या कॉलेजनं घेतलं होतं, तिला अभिनंदनाचा मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी कॅल्क्युलसचा पेपर होता, तो देऊन आली. शाळेत मुलं नव्या कॉलेजच्या नावाचे स्वेटशर्ट घालून आली होती. रडली ती त्या रात्री. मी शेजारी बसून राहिले.

आता डिफर म्हणजे काय ते. तिचा अर्ज नाकारलेला नाही, तो नेहमीच्या फेरीत ढकललाय. तिथे हजारो अर्जांबरोबर तो पुन्हा वाचला जाईल आणि मार्चअखेर उत्तर येईल. दिलेल्या शब्दातून आता ती मोकळी आहे. तिनं करायचं ते एवढंच: या सत्राचे ग्रेड टिकवायचे, आणि मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय, नोव्हेंबरनंतर हे हे केलं, असं एक छोटं पत्र पाठवायचं. तिचा मसुदा तयार आहे. पण बाबा, अशा मुलांपैकी थोड्यांनाच शेवटी होकार येतो. तुम्ही त्यावर आस लावून बसू नये म्हणून स्पष्ट लिहिते.

खरं काम आत्ता दुसरंच आहे. बाकीच्या कॉलेजांच्या मुदती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतात. रटगर्सचा अर्ज आधीच गेलाय. उरलेल्यांचे निबंध नाताळच्या सुट्टीत लिहायचे आहेत, आणि ज्यांच्याकडे तिनं मनानं पाठ फिरवली होती त्यांना आता मनापासून लिहायचंय. सतरा वर्षांच्या मुलीला हे जड जातं. तरी काल रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा होता, आणि सकाळी तिनं आपणहून एक निबंध मला वाचायला दिला. आई, तुझ्याकडे उन्हाळ्यात कुरडया घालताना गच्चीवर कावळे हाकत बसायची, त्यावर आहे. फार छान लिहिलाय.

म्हणून एक विनंती. आई, तू गणपतीला साकडं घालशीलच, घाल. पण सईला ते सांगू नकोस. तुमची इच्छा पुरी करायची हीसुद्धा तिला परीक्षाच वाटते, आणि सध्या तिच्यापुढे पुरेशा परीक्षा आहेत. ‘जे होतं ते भल्यासाठीच’ हेही आत्ता नको. तिला अजून वाईट वाटून घ्यायचंय, ते घेऊ दे. रविवारी फोनवर तिच्याशी नेहमीसारखं बोला. बाबा, तुमचं कोडं अर्धवट राहिलं असेल तर तिला विचारा, तिला तुमच्याबरोबर ते सोडवायला आवडतं. आई, त्या कुरडयांचं प्रमाण तिला नीट सांग, निबंधासाठी हवंय.

आत्यानं किंवा शेजारच्यांनी विचारलं तर ‘अर्ज चालू आहेत, एप्रिलमध्ये सांगू’ एवढंच सांगा. कॉलेजांना १ मेपर्यंत कळवायचं असतं, तोवर तिचं ठरलेलं असेल. जूनमधल्या तिच्या ग्रॅज्युएशनला तुम्ही दोघं येणार हे मात्र आत्ताच पक्कं. कॉलेज कुठलंही मिळो, ती तिकिटं मी जानेवारीत काढतेय. पासपोर्टची मुदत बघून कळवा.

तुमची,
शुभा