चार महिला दिल्लीत. जिल्हा संघाच्या कागदावर किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वनडेतल्या पहिल्या द्विशतकाचा विषय निघाला की ग्वाल्हेरकर रूपसिंह स्टेडियमकडे बोट दाखवतो. 24 फेब्रुवारी 2010, सचिन, नाबाद 200. पुरुषांच्या क्रिकेटपुरते ते खरेच आहे. पण त्याआधी बारा वर्षे, 16 डिसेंबर 1997 रोजी, ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिने मुंबईत डेन्मार्कविरुद्ध नाबाद 229 काढल्या होत्या. तिची पुढची वाटचाल आम्हाला द्विशतकाहून महत्त्वाची वाटते. खेळत असतानाच 2000 साली ती तिथल्या महिला क्रिकेट संघटनेची मुख्य कार्यकारी अधिकारी झाली आणि 2005 मध्ये ब्रिस्बेनच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्राचा कारभार तिच्याकडे आला. त्या केंद्रात पुरुष खेळाडूही शिकत. मैदानातून कचेरीत जाणारी ही वाट आपल्या मुलींसाठी नेमकी कुठे तुटते, हे लिहिण्यासाठी हे पत्र.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त 15 सदस्य आणि त्यांत किमान चार महिला असाव्यात, असे त्यात आहे. चांगलेच झाले. पण या चौघी येणार कुठून? महासंघाचे मतदार म्हणजे मुख्यतः राज्य संघटनांचे प्रतिनिधी, राज्याचे मतदार जिल्हा संघांचे, आणि जिल्ह्याचे मतदार क्लब, व्यायामशाळा, आखाडे यांचे. खालची पायरीच पुरुषांनी भरलेली असेल, तर वर चार नावे लागतील तेव्हा पदाधिकाऱ्याची पत्नी किंवा सून पुढे केली जाईल. सरपंचपती आपण पाहिलेत. आता सचिवपती पाहू.

म्हणून तपासायचे ते जिल्ह्याचे कागद. आपल्याकडचे बहुतेक संघ मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम 1973 खाली नोंदलेले असतात. धारा 27 नुसार कार्यकारिणीची यादी दरवर्षी पंजीयकाकडे (संस्था नोंदणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) द्यावी लागते. ती यादी मागवा आणि त्यात बायका किती, यापेक्षा कोणत्या पदावर आहेत ते बघा. ‘महिला उपाध्यक्ष’ हे पद बहुतेक वेळा सत्काराच्या हारापुरते असते. कारभार चालतो तो सचिव आणि कोषाध्यक्ष यांच्या सहीवर: स्पर्धेचा प्रवेश अर्ज, बँकेचा चेक, राज्याच्या आमसभेला कोण जाणार त्याचे पत्र. या दोघांपैकी एक पद महिलेकडे असावे, असे नियमावलीत लिहून घ्यायला हवे. दहा शोभेच्या जागांपेक्षा ही एक सही मोलाची.

नियमावली बदलायची तर विषय लेखी, मुदतीत द्या आणि सभेच्या नोटिशीत छापून येईल असे पाहा. ‘ऐनवेळच्या विषयां’त ढकललेला ठराव पुढे पंजीयकाकडे अडकतो. सभा रात्री आठला क्लबात ठेवू नका. रविवारी सकाळी ठेवा. नोटीस सदस्याच्या नावावर पाठवा, नुसती व्हॉट्सअपच्या गटात नको, कारण त्या गटात बायका असतातच असे नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या खेळाडूंची प्रमाणपत्रे एका नावाची आणि आधार दुसऱ्या नावाचे असते. उमेदवारीची छाननी करणाऱ्याला अर्ज बाद करायला एवढे पुरते. लग्नाच्या नोंदणीचा दाखला आधीच जोडलेला बरा.

मुलींच्या संघासोबत महिला मॅनेजर द्यायची रीत आता बरीच रुळली आहे. पण तिला काम काय, तर मुलींवर लक्ष ठेवा, खोल्या मोजा, रात्री दार लावलेले बघा. स्पर्धेआधीच्या मॅनेजर मीटिंगला मात्र प्रशिक्षक जातो आणि संघाच्या यादीवर सहीही त्याचीच. गटवारी, सामन्याची वेळ, मैदानाबद्दलची हरकत, सारे त्या मीटिंगमध्ये ठरते. हरकतीला मुदत असते आणि शुल्क भरावे लागते. हे माहीत नसलेली मॅनेजर ऐन वेळी गप्प बसते, आणि मग म्हणतात, बायकांना नियम कळत नाहीत! तेव्हा नेमणुकीच्या पत्रातच लिहा: मीटिंगला हजर राहणे, यादीवर सही करणे, निवड समितीला अहवाल देणे. नुसते ‘सोबत जाणे’ असे लिहिले तर पुढच्या वर्षीही तीच खोल्या मोजत बसेल.

पंचांचेही तसेच. खो-खोच्या सामन्याला दोन पंच, एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), एक वेळाधिकारी आणि एक गुणलेखक लागतो. बायका दिसतात त्या बहुधा शेवटच्या दोन खुर्च्यांवर. परीक्षा त्यांनीही दिलेली असते, पण वरच्या परीक्षेला बसायचे तर मैदानात उभे राहून चालवलेले सामने मोजतात आणि टेबलावर बसून ते वाढत नाहीत. मुलांच्या सामन्यांतही त्यांना शिट्टी द्या. प्रशिक्षकांचा आकडा तर जगभर लाजिरवाणा आहे: टोकियो ऑलिंपिकमधल्या प्रशिक्षकांत महिला फक्त 13 टक्के होत्या. 2025 चा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या संघाला अमोल मुजुमदार यांनी उत्तम घडवले, यात वाद नाही. उलट दिशेने, पुरुषांच्या संघाला बाई प्रशिक्षक, असे कोणाच्या मनातही येत नाही.

‘पात्र बाई मिळत नाही’ हे उत्तर ग्वाल्हेरात तरी चालू नये. 1857 च्या शताब्दीला, 17 ऑगस्ट 1957 रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने सुरू झालेली शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे, आणि शहराच्या कंपू भागात राज्याची महिला हॉकी अकादमी.

तक्रारीबद्दल थोडे, कारण इथे अज्ञान फार आहे. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ‘कामाच्या जागे’च्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचे ठिकाण स्पष्ट लिहिलेले आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर अंतर्गत समिती सक्तीची: अध्यक्ष महिला, किमान निम्मे सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची. ‘आमच्याकडे एकच कारकून’ म्हणणाऱ्या संघासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी 90 दिवसांत संपवायची. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर प्रकरण पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचे, होते. माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि सचिवांनी दोन्ही बाजूंना बसवून ‘समजूत घालणे’ हाच गुन्हा ठरू शकतो. समितीतल्या सदस्यांची नावे आणि फोन कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारावर लावा, कचेरीच्या फायलीत नको.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. स्थानिक स्पर्धेचा निकाल छापताना विजेत्या संघासोबत प्रशिक्षक, मॅनेजर आणि पंचांची नावेही द्यावीत. दोन ओळी वाढतील. पंचांच्या वरच्या परीक्षेच्या किंवा निवड समितीच्या अर्जाला जोडायला तेच कात्रण लागते, आणि आज ते मुख्य पाहुण्यांच्या नावांनी भरलेले असते.

आपले,
काही निवृत्त क्रीडाशिक्षक, शिक्षिका व पंच
लष्कर, ग्वाल्हेर