‘इंडिजंट’ म्हणजे नेमके कोण?

महोदय,

धर्मादाय रुग्णालयांच्या बातम्यांत ‘इंडिजंट’ हा इंग्रजी शब्द सरसकट ‘गरीब’ या सैल अर्थाने वापरला जातो, ते बरोबर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. गरीब दोघेही, पण ‘इंडिजंट’ त्यांतला पहिलाच, आणि बिल माफ होणार की नुसते कमी होणार, हे त्या एका शब्दावर ठरते. (‘इंडिजिनस’ म्हणजे मूलनिवासी, त्याच्याशी याचा काडीचाही संबंध नाही, तरी गल्लत होतेच.)

दिवाणी प्रक्रिया संहितेत हाच शब्द 1976 च्या दुरुस्तीने ‘पॉपर’ या हिणकस शब्दाच्या जागी आला. तेथे मात्र त्याचा अर्थ कंगाल असा नसून, दाव्याचे न्यायालयीन शुल्क भरण्याइतकी ऐपत नसलेला माणूस, एवढाच आहे.

बातमीत ‘निर्धन रुग्ण’ असे स्वच्छ मराठीत छापावे आणि रुग्णालयांनीही दर्शनी फलकावर तेच लिहावे. ज्याच्यासाठी खाट राखून ठेवली आहे, त्याला निदान तो फलक वाचता यायला हवा.

– एक वाचक, पुणे