पटावर नाव आहे, पण शिक्षण कुठे आहे? शालेय शिक्षणमंत्र्यांना एका आईचे खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : सर्वसाधारण शाळांतील दिव्यांग मुलांच्या प्रत्यक्ष शिक्षणाबाबत.

महोदय,

माझी मुलगी यंदा आठवीत आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणारे दिव्यांगत्व आहे. चालताना वॉकर लागतो, बोलणे सावकाश आहे आणि चार ओळी लिहायला तिला वर्गातल्या इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. समज मात्र चांगली आहे, आणि हे तिचे शिक्षकही मान्य करतात. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत ती पाचवीपासून जाते. तिच्या एकटीसाठी काही सवलत मिळावी म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. मुलाचे नाव पटावर असणे आणि ते मूल शिकत असणे यांत जे अंतर पडते, ते आपल्या खात्याकडे जाणाऱ्या माहितीत कुठेच उमटत नाही, ही गोष्ट आपल्या निदर्शनास आणावी एवढाच हेतू आहे.

दरवर्षी शाळा यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे देशभरातील शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीप्रणालीत, माहिती भरते. रॅम्प आहे का, त्याला कठडा आहे का, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी स्वच्छतागृह आहे का, असे प्रश्न त्यात असतात. आमची शाळा तिन्ही ठिकाणी ‘हो’ लिहीत असणार, आणि त्यात खोटे काही नाही. रॅम्प आहे. व्हरांडा जमिनीपासून दोन फूट उंच आहे. एकास बारा या मान्य प्रमाणाने त्यासाठी २४ फूट लांबीचा उतार हवा. प्रत्यक्षात तो जेमतेम नऊ फुटांचा आहे, कारण पुढे ध्वजस्तंभाचा ओटा येतो. वॉकर घेऊन त्यावर चढू लागले की मुलगी मागे घसरते. त्यामुळे दोन मैत्रिणी तिला दोन्ही दंडांना धरून पायऱ्यांवरूनच वर नेतात, आणि रॅम्पचा उपयोग व्हरांड्यात मोटारसायकली चढवण्यासाठी होतो. स्वच्छतागृहही चांगले बांधले आहे. दार रुंद आहे, कमोड आहे, धरायला दांड्या आहेत. मात्र त्याला कायम कुलूप असते, किल्ली शिपायाकडे असते आणि आत मोडके बाक रचून ठेवलेले असतात. म्हणून माझी मुलगी सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत पाणी पीत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला याने काय त्रास होतो, ते मी इथे सविस्तर लिहीत नाही. आपल्या कार्यालयातील कोणत्याही महिला अधिकाऱ्यांना विचारावे.

कायदा अपुरा आहे अशी माझी तक्रार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत, शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्यांच्या गरजेनुसार सोयी पुरवाव्यात असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ ने दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाणही सांगून ठेवले : प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. शिवाय सर्वसाधारण शाळांतील इतर शिक्षकांनाही प्रशिक्षण सक्तीचे करावे, असेही त्याच निकालात आहे. विशेष शिक्षकांच्या पदांची चर्चा निदान होते तरी. या दुसऱ्या निर्देशाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या अनुभवात मुलांचे खरे नुकसान तिथेच होते.

आमच्याकडे विशेष शिक्षिका येतात. त्या कष्टाळू आहेत, पण त्यांच्याकडे शाळाच इतक्या आहेत की आमची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. त्या आल्या की मुलीला वर्गातून उठवून ग्रंथालयाच्या कोपऱ्यात नेले जाते. तिथे तासभर हाताचे व्यायाम आणि लेखनाचा सराव होतो. तेवढ्या वेळात वर्गात जो धडा शिकवला गेला, तो तिचा बुडतो. बाकीच्या दिवशी वर्गशिक्षकांना काही विचारले की उत्तर ठरलेले असते, “त्यांच्या विशेष शिक्षिका येतात ना, त्या बघतील.” हे उत्तर दुष्टपणाचे नाही. साठ मुलांचा वर्ग, ऑनलाइन माहितीचा रोजचा तगादा आणि वर निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या माणसाला या मुलीबाबत आपण नेमके काय करायचे, हे कोणी सांगितलेलेच नाही.

सांगितले तर फरक पडतो, हेही मी पाहिले आहे. सहावीत गणिताच्या शिक्षकांच्या लक्षात आले की फळ्यावरचे उतरवून होण्याआधीच फळा पुसला जातो, म्हणून मुलगी मागे पडते. ते तास संपताना फळ्याचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठवू लागले, आणि चाचणीत तिला पूर्ण गणित लिहायला न लावता पायऱ्या तोंडी विचारू लागले. ना जादा पद लागले, ना निधी. सहामाहीनंतर गणित हा तिचा आवडता विषय झाला. पुढच्या जूनमध्ये त्यांची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली आणि ही पद्धतही त्यांच्याबरोबर गेली, कारण ती एका शिक्षकाची होती, शाळेची नव्हती. नव्या शिक्षकांना मी हे सांगायला गेले तेव्हा मी जणू मुलीसाठी वशिला लावते आहे, असे त्यांना वाटले.

प्रत्येक दिव्यांग मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. पण तो विशेष शिक्षक करतात आणि तो शिक्षण खात्याच्या तालुक्यातील गटसाधन केंद्राच्या फाइलमध्ये राहतो. विषयशिक्षकांनी तो पाहिलेलाही नसतो. हा आराखडा शाळेत असावा, त्यावर प्रत्येक विषयशिक्षकाची सही असावी, आणि वर्ग किंवा शिक्षक बदलला की तो पुढच्या शिक्षकाच्या हाती लेखी सोपवला जावा, ही माझी मुख्य मागणी आहे.

“मग विशेष शाळेत का घालत नाही?” हा प्रश्न मला पालकसभेत उघडपणे विचारला गेला आहे. तिच्यामुळे आमच्या मुलांचा वेळ जातो, असेही एक-दोघांनी ऐकवले. विशेष शाळांची गरज असलेली मुले आहेत आणि त्या शाळा चांगल्या चालाव्यात. पण त्या दिव्यांग कल्याण विभागाकडे, सर्वसाधारण शाळा आपल्याकडे, आणि मधल्या मधे माझ्या मुलीसारखे मूल कोणाचेच नाही, असे व्हायला नको. वर्गातल्या मुलांची मात्र काहीच तक्रार नसते. तिचे बोलणे शिक्षकांपेक्षा त्यांनाच लवकर कळते. सहलीला तिला नेऊ नये हे ठरवले मोठ्यांनीच.

दोन वर्षांनी ती दहावीला बसेल. मंडळ तासाला वीस मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक देते, ही मोठी सोय आहे. पण लेखनिक शोधण्याचे काम शाळा पालकांवर टाकतात. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, आणि त्याच्या आई-वडिलांनी त्याचा अभ्यास बुडवून त्याला पाठवायला हवे. त्यासाठी दारोदार फिरणारे पालक मला माहीत आहेत. बरे, मिळाला तरी तो मुलीचे बोलणे पहिल्यांदा ऐकणार परीक्षेच्या दिवशीच. ‘त्रिकोण’ आणि ‘चौकोन’ तिच्या तोंडून सारखेच ऐकू येतात. ज्याला सवय नाही, तो भूमितीत काय लिहील? लेखनिक देणे ही शाळेची जबाबदारी ठरवावी, आणि नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासून त्याच जोडीने सराव व्हावा.

यू-डायसची पुढची माहिती भरली जाण्यापूर्वी केंद्रप्रमुखांनी अशा प्रत्येक शाळेत एकदा जावे, पटावरच्या मुलाला रॅम्पवरून चढायला सांगावे, स्वच्छतागृहाचे कुलूप उघडून पाहावे, आराखडा मागून वाचावा आणि मगच सही करावी, असे लेखी आदेश आपण द्यावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक पालक