बोली न आलेल्या गाळ्यांबद्दल नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नगरपालिकांच्या व्यापारी संकुलांतील वर्षानुवर्षे बंद असलेले गाळे वापरात आणण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्या बचत गटात अकरा जणी आहोत. मसाले, शेवया, कुरडया, पापड करतो आणि आठवडी बाजाराच्या दिवशी नगरपालिकेच्या व्यापारी संकुलासमोर टेबल मांडून बसतो. आमच्या पाठीशी बंद शटरांची रांग असते. निम्म्याहून जास्त गाळे बांधल्यापासून उघडलेलेच नाहीत. वरच्या मजल्यावर कबुतरे आहेत, जिन्यात बाटल्या पडलेल्या असतात, अंधार पडला की त्या बाजूने मुली जात नाहीत. पाऊस आला की आम्ही पापडांचे डबे उचलून याच बंद गाळ्यांच्या वळचणीला उभ्या राहतो. आत कोरडी जागा रिकामी आहे आणि आमचा माल बाहेर भिजतो आहे.

आम्ही गाळा मागून पाहिला. लिलावाची जाहिरात वाचली तेव्हा कळले की महिन्याचे भाडे एकवेळ जमेल, पण त्याआधी ना-परतावा अनामत भरायची, तीही लाखांत. पंतप्रधान स्वनिधी योजना 2020 साली आली तेव्हा फेरीवाल्याला पहिले कर्ज मिळायचे 10,000 रुपये. त्या माणसाने लाखांची अनामत आणायची कुठून? लिलावाला आमच्यासारखेच बाकीचेही गेले नाहीत. दुसऱ्यांदा जाहिरात निघाली, तिसऱ्यांदा निघाली, दर तेच. कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने शेवटी मला खुर्ची देऊन समजावले, "ताई, दर कमी करायला कोणी सही करणार नाही. उद्या ऑडिटमध्ये आक्षेप निघाला तर वसुली अंगावर येते."

मी त्यांना दोष देत नाही. त्यांचेही घर पगारावर चालते. पण त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही की भाडे कमी करायचे तर कुणाची तरी सही लागते, आणि गाळा रिकामा ठेवायला कुणाचीच लागत नाही. दोन हजारांचा गाळा बाराशेला दिला तर आठशेचे नुकसान कागदावर येते आणि कुणाच्या तरी नावावर लागते. तोच गाळा दहा वर्षे बंद राहिला तर सगळेच भाडे बुडते आणि ते कुणाच्याच नावावर लागत नाही.

सार्वजनिक मालमत्ता बाजारभावापेक्षा कमी दराने देऊ नये, हा नियम योग्यच आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 मध्ये तो स्पष्ट लिहिलेला आहे. आपल्या माणसाला कवडीमोलाने गाळा देण्याचे प्रकार त्याने थांबतात. माझा प्रश्न एवढाच आहे की बाजारभाव ठरवायचा कशावरून? रेडीरेकनरचा, म्हणजे जागांच्या किमतींच्या सरकारी तक्त्यातला, दर त्या अख्ख्या विभागाचा असतो. चौकाला तोंड असलेला गाळा आणि मागच्या बोळातला, शौचालयाशेजारचा गाळा यांतला फरक गिऱ्हाइकाला पहिल्या नजरेत कळतो. तीन वेळा जाहिरात देऊन एकही बोली आली नाही, तर बाजाराने आपला भाव सांगितलेला आहे. तो ऐकून लिहून घेण्याची सोय मात्र आपल्या पद्धतीत नाही.

ही संकुले उगाच उभी राहिलेली नाहीत. 1979-80 मध्ये केंद्राने लहान व मध्यम शहरांच्या विकासाची योजना आणली. जुनी माणसे अजून 'आयडीएसएमटीचे शॉपिंग' म्हणतात ते तिच्यातलेच. मोठ्या शहरांकडे जाणारा लोंढा गावातच थांबावा, गावात बाजार वाढावा आणि गाळ्यांच्या उत्पन्नातून गावाचीच पुढची कामे व्हावीत, असा तो विचार होता. मला तो आजही पटतो. 2005 मध्ये ती योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली, पण संकुले बांधायची सवय राहिली. जुने निम्मे रिकामे असताना नव्या संकुलाचे भूमिपूजन होते, कारण बांधकामाला निधी मिळतो. बांधलेले चालवायला, जिन्यात दिवा लावायला, नळ दुरुस्त करायला मिळत नाही.

आणखी एक विसंगती आपल्या लक्षात आणून देते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे भाडेकरूने सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरली नाही, तर मालक ती परत मागू शकतो. म्हणजे जागा पडून राहणे वाईट, हे कायद्याला मान्य आहे. नगरपालिकेच्या मिळकतींना तो कायदा लागू नाही, आणि मालकानेच जागा पाडून ठेवली तर काय, याचे उत्तर तिथेही नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2024 पासून तिथल्या स्थानिक परिषदांना असा अधिकार मिळाला आहे की बाजारपेठेतले दुकान दोन वर्षांत 365 दिवसांहून जास्त रिकामे राहिले तर खासगी मालकाचेही दुकान लिलावाने एक ते पाच वर्षांसाठी भाड्याने देता येते. मी खासगी मालकांबद्दल काही मागत नाही. इथे मालक नगरपालिका आहे, म्हणजे आम्हीच आहोत.

एकदा गाळा दिला की परत मिळत नाही, पोटभाडेकरू शिरतात, ही भीती मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. जळगावात 2012 मध्ये मुदत संपलेल्या महापालिकेच्या गाळ्यांचा प्रश्न दहा वर्षांहून जास्त काळ लोंबकळला. म्हणूनच आम्हाला लांब मुदतीचा भाडेपट्टा नको. अकरा महिन्यांचा परवाना द्या. पोटभाडेकरू ठेवला तर त्याच दिवशी रद्द, असे त्यात लिहा. आम्ही सही करू.

साहेब, कमी दराची जबाबदारी एका मुख्याधिकाऱ्याच्या सहीवर ढकलू नका. ती शासन निर्णयातच घ्या. दोनदा बोली आली नाही की पुढच्या लिलावात किमान दर ठरलेल्या टक्क्यांनी आपोआप उतरावा, आणि त्यावर लेखापरीक्षणात आक्षेप घेऊ नये, असे स्पष्ट लिहा. बंद गाळ्यांसाठी ना-परतावा अनामत काढून टाका. तीन महिन्यांचे भाडे परत मिळणारी ठेव म्हणून घ्या, तेवढे आम्ही जमवू. रिकाम्या गाळ्यांची यादी क्रमांकासह नगरपालिकेच्या फलकावर लावायला सांगा, आणि ती संपेपर्यंत त्या गावाला नवे संकुल मंजूर करू नका. पथविक्रेता अधिनियम, 2014 नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. कोणता गाळा कशासाठी चालेल हे त्यांना विचारा. मासळीला पाणी लागते, कापडाला उजेड, आणि भाजीवाली वरच्या मजल्यावर कधीच बसणार नाही, कारण पिशवी हातात घेतलेले गिऱ्हाईक जिना चढत नाही. हे नकाशा काढण्याआधी विचारले असते तर वरचा मजला अशा दुकानांसाठी बांधलाच गेला नसता.

आम्हाला वरचा नको. तळमजल्यावरचा, मागच्या बाजूचा 17 नंबरचा गाळा हवा आहे. त्याचे शटर गंजून जाम झाले आहे आणि आत विजेचा मीटर नाही. शटरचे तेलपाणी, रंग आणि मीटरचा अर्ज आम्ही आमच्या खर्चाने करू. पावसाळ्याआधी मिळाला तर यंदाचा मसाला भिजणार नाही.

आपली विश्वासू,
बचत गटाची एक सदस्य