हृदयाची झडप बदलायची की राखायची, हे सहीआधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, मुळाशी येणाऱ्या फुग्यावर आपल्या आरोग्य पुरवणीत लेख आला, बरं वाटलं. पण ‘शस्त्रक्रिया हाच उपाय’ म्हणून तो संपतो. कोणती शस्त्रक्रिया, हा खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

माझ्या पुतण्याची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. उंच, सडपातळ, लांबसडक बोटांचा. त्याला मारफान हा जन्मजात आजार आहे, हे तिशीपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. इकोत महारोहिणीचं मूळ पाच सेंटिमीटरच्या पुढे गेलेलं दिसलं. एरवी साडेपाचपर्यंत थांबतात, मारफानमध्ये पाचलाच ऑपरेशन सुचवतात. नळी आतून चिरली तर माणूस हाती लागेलच असं नाही. मांडीतून स्टेंट टाकून भागेल का, असं आम्हीही विचारलं. मुळाशीच झडप आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडं असल्याने ते जमत नाही.

त्याचं बेंटॉल झालं. १९६८ पासूनची ही खात्रीची पद्धत: फुगलेला भाग झडपेसकट काढून धातूची झडप शिवलेली कापडी नळी बसवतात, त्या दोन्ही धमन्या तिला जोडतात. पोरगा वाचला, सर्जनचे उपकारच आहेत. पण आता जन्मभर वॉरफरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी. ऑक्टोबर छाटणीला त्याने कात्री धरली की वहिनींचा जीव टांगणीला. मेथी-पालक एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, वर-खाली, की निघाले मिरजेला.

टोरोंटोच्या टायरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पेशंटची स्वतःचीच झडप नव्या नळीत शिवून ठेवतात. ही गोळी सहसा जन्मभर लागत नाही. झडपेचे पडदे धड हवेत, हात सरावाचा हवा, आणि पुढे झडप गळू लागली तर पुन्हा छाती उघडण्याची तयारी हवी. प्राण्याच्या ऊतीची झडपही मिळते, पण तरुणांत ती लवकर झिजते. मूल हवं असलेल्या मुलींनी तर हे आधीच विचारावं, वॉरफरिन गर्भाला बाधतं. इंग्लंडात टॅल गोल्सवर्दी या मारफानच्याच पेशंट असलेल्या इंजिनिअरने २००४ मध्ये स्वतःच्या महारोहिणीच्या मापाची जाळी बनवून बाहेरून चढवून घेतली. किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात त्याचं कौतुक व्हायला हरकत नाही!

आम्हाला संमतीपत्र मिळालं आदल्या रात्री, इंग्रजीत. डेव्हिडचं नाव ऐकलं डिस्चार्जनंतर. झडप राखण्याजोगी नसेलही, पण तसंही कुणी म्हणालं नाही. भावंडांचा इको करा, हेसुद्धा आम्हीच विचारून घेतलं.

संमतीपत्र मराठीत आणि दोन-चार दिवस आधी मिळावं. जिथे झडप राखण्याचं ऑपरेशन होत नाही, तिथल्या डॉक्टरांनी पुण्या-मुंबईत कुठे विचारायचं ते सांगावं. ठरवून केलेल्या ऑपरेशनला तेवढा वेळ असतो.

एक वाचक,
तासगाव (जि. सांगली)