बाबा, एक दिवस ॲनफिल्डसाठी ठेवा

लिव्हरपूल,
रविवार

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली यादी मिळाली. आधी लंडन, त्यात लॉर्ड्सला अख्खा दिवस, मग चेस्टरची रोमन तटबंदी, मग लेक डिस्ट्रिक्ट. सगळं तुमच्या मनासारखं करू. फक्त ‘ॲनफिल्ड’च्या, म्हणजे लिव्हरपूल क्लबच्या फुटबॉल मैदानाच्या, नावावर आडवी रेघ मारून शेजारी ‘रिकामं मैदान काय बघायचं?’ असं जे लिहिलंय, त्याला माझी हरकत आहे. लॉर्ड्स तरी त्या दिवशी कुठे भरलेलं असणार आहे? फोनवर हे सांगायला गेले की दुसऱ्याच मिनिटाला तुम्ही ‘थांब, आईला देतो’ म्हणता. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचता, वर ऱ्हस्व-दीर्घही तपासता. म्हणून लिहितेय.

२५ मे २००५ची रात्र. तुम्ही शनिवार पेठेतल्या जुन्या घरी आतल्या खोलीत झोपला होतात, त्यामुळे त्या रात्री बाहेर काय झालं ते तुम्हाला आजतागायत नीट कुणी सांगितलेलं नाही. मामा लग्नाला आला होता आणि पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला परत जाणार होता. लिव्हरपूलची चॅम्पियन्स लीगची फायनल होती इस्तंबूलला, आपल्याकडे सुरू व्हायची रात्री सव्वाबाराला. तुम्ही परवानगी दिलीत, पण ‘आवाज आला तर मेन स्विच काढीन’ या अटीवर. तुम्ही ते केलं असतंत याबद्दल आम्हा तिघांनाही शंका नव्हती. त्यामुळे युरोपातली सगळ्यात मोठी फायनल आम्ही आवाज शून्यावर ठेवून बघितली.

मी लिव्हरपूलची कशी झाले ते तुम्हाला माहीत आहे. १९९८च्या वर्ल्ड कपमध्ये मायकेल ओवेननं अर्जेंटिनाला गोल मारला आणि कपाटाच्या दाराला आतून त्याचं चित्र लागलं. हा पठ्ठ्या २००४च्या ऑगस्टमध्ये रेआल माद्रिदला निघून गेला आणि पुढच्याच मे महिन्यात त्याच्याविना लिव्हरपूल फायनलला! चित्र मी काढलं नाही, पण कपाट जरा जोरातच लावायला लागले होते.

समोर इटलीचा एसी मिलान. पहिलं मिनिट संपायच्या आत माल्दिनीचा गोल. भाऊ तेव्हा स्वयंपाकघरातून पाणी आणायला गेला होता, तो परत येईपर्यंत १-०. मग हाफटाइमच्या आधी क्रेस्पोचे लागोपाठ दोन. त्यातल्या दुसऱ्याला मिलानच्या काका नावाच्या खेळाडूनं अर्ध्या मैदानातून असा पास दिला की मामा, जो लिव्हरपूलचा नव्हता आणि मिलानचाही नव्हता, तोही ‘अगागा’ म्हणाला. ३-०. भाऊ तिथेच, हातात तांब्या घेऊन, भिंतीला टेकून झोपला. आज तो मित्रांना सांगतो की त्यानं अख्खी मॅच बघितली. सांगू दे.

मीही टीव्ही बंद करायला उठले होते. मामानं हात धरून बसवलं. ‘बस गप. पंचेचाळीस मिन्टं हायत अजून.’

आता मामाबद्दल. तुम्ही त्याला ‘फुटबॉलचं वेड लागलेला मेहुणा’ म्हणता ते ठीक आहे, पण त्याला खेळ दिसतो हो, बाबा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ बघत तो वाढला. तिथे पेठेची अब्रू पणाला लागलेली असते आणि कोण कुठे उभा राहायला चुकला हे चणे-फुटाणेवालाही सांगतो. टीव्हीला आवाज नव्हता, कॉमेंट्री नव्हती. मामा माझ्या कानाशी येऊन कुजबुजत होता. म्हणाला, ‘ह्यांच्या मधी माणूसच न्हाई की! त्यो काका मोकळा पळालाय, त्याला धरणार कोण?’ मामानं काकाला अर्धा तास शिव्या घातल्या, त्याही कुजबुजत.

हाफटाइमनंतर लिव्हरपूलनं डिफेंडर फिनन बाहेर काढला आणि हामान नावाचा जर्मन मिडफिल्डर आत आणला. मागे तीनच ठेवले. मामानं नुसतं माझ्याकडे बघितलं. इथे सगळे त्या रात्रीला चमत्कार म्हणतात. मला ते पटत नाही. चमत्कार म्हटलं की विचार करणाऱ्याचं श्रेय जातं. हामान आला, काकाची वाट अडली, आणि गेरार्डला वर जायला मोकळीक मिळाली. प्रशिक्षक बेनिटेझ त्या क्लबला आलेलं ते पहिलंच वर्ष, आणि त्यानं अगदी तेच केलं जे मामा आपल्या बैठकीत सतरंजीवर बसून सांगत होता.

मग ५४व्या मिनिटाला गेरार्डचं हेडर. ५६व्याला श्मित्सरचा लांबून फटका. ६०व्याला पेनल्टी, अलोन्सोनं मारली, दिदानं अडवली, परत आलेला बॉल अलोन्सोनं वरच्या जाळ्यात घातला. सहा मिनिटांत ३-३. तुम्ही विचार करा, असं काही झाल्यावर माणसानं काय करावं? ओरडायची सोय नाही. मामानं सोलापुरी चादरीचं टोक तोंडात कोंबलं आणि दोन्ही मुठी सतरंजीवर आपटल्या, त्याही हळू. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. खाली चौकातल्या नळाचं ठिबकणं तेवढं ऐकू येत होतं, इतकी शांतता.

कलकत्त्याची २००१ची कसोटी तुम्हाला विसरता येत नाही ना? फॉलोऑन मिळाल्यावर लक्ष्मण २८१, द्रविड १८०, चौथ्या दिवशी दिवसभर विकेट नाही, आणि सामना आपण १७१ धावांनी जिंकला. तुम्ही ऑफिसात ट्रान्झिस्टर नेला होता आणि साहेबच तुमच्या टेबलाशी येऊन बसला होता, ही गोष्ट आम्ही प्रत्येक दिवाळीत ऐकतो. माझं इस्तंबूल तसंच आहे. फरक एवढाच की तुम्ही तेव्हा ओरडू शकलात.

एक्स्ट्रा टाइमबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांच्या पायात गोळे, कॅरॅगर तर प्रत्येक अडवणुकीनंतर पाय धरून खाली. शेवटाशेवटाला मिलानच्या शेवचेन्कोनं अगदी गोलसमोरून लागोपाठ दोनदा मारलं आणि आमचा गोलकीपर डुडेकनं दोन्ही अडवलं. दुसरं कसं अडवलं ते त्याला तरी कळलं असेल का, देव जाणे. मग पेनल्टी शूटआउट. डुडेक गोललाइनवर हातपाय हलवत नाचायला लागला. १९८४च्या फायनलला रोममध्ये लिव्हरपूलचाच गोलकीपर ग्रोबेलारनं असेच लटपटते पाय करून दाखवले होते, त्याची ही नक्कल. मिलानच्या सर्जिन्योनं पहिलीच वरून घालवली, पिर्लोची अडली, आणि शेवटी शेवचेन्कोचीही. शूटआउट ३-२, लिव्हरपूलचा पाचवा युरोपियन कप. घड्याळात तीन वाजत आले होते आणि तुमचं घोरणं अखंड चालू होतं.

त्यानंतर झोप कसली! मी मामाला कायनेटिकवरून स्वारगेटला सोडायला गेले. स्टँडबाहेरच्या टपरीवर चहा घेताना मामाचा आवाज मोकळा सुटला. साडेतीन तास कोंडलेला आवाज तो! टपरीवाला, दोन हमाल आणि सांगलीच्या गाडीची वाट बघणारं एक कुटुंब, सगळ्यांना त्यानं साखरेच्या डब्याचा हामान आणि बिस्किटांच्या बरणीचा काका करून अख्खा सेकंड हाफ समजावला. त्या कुटुंबातल्या आजींनी विचारलं, ‘मग शेवटी कोल्हापूर जिंकलं का?’ मामा म्हणाला, ‘जिंकलं!’

मी परत आले तेव्हा तुम्ही पर्वतीला निघाला होतात. ‘निकाल काय?’ एवढंच विचारलंत आणि ‘जिंकलो’ म्हटल्यावर ‘मग आवाज कसा नाही आला?’ म्हणालात. तुमच्याच अटीची तुम्हाला आठवण नव्हती. त्या दिवशीच्या पेपरात निकाल असणं शक्यच नव्हतं, सबंध दिवस पेठेत ही बातमी जणू माझ्या एकटीकडे होती.

इथे आल्यापासून मी मोठ्या फायनली बघितल्या. २०१९ची माद्रिदची पबमध्ये बघितली, टॉटनहॅमला २-० हरवलं, माणसं टेबलांवर चढली होती. मजा आली, पण मॅच म्हणून ती रटाळ होती आणि मला सारखी कानाशी कुजबूज हवी होती. ऑफिसातला माझ्या शेजारचा माणूस एव्हर्टनवाला, म्हणजे याच शहरातल्या दुसऱ्या क्लबचा; आम्ही लाल, ते निळे. इस्तंबूलचा विषय निघाला की तो शांतपणे म्हणतो, ‘त्या वर्षी लीगमध्ये तुम्ही पाचवे होता, आम्ही चौथे.’ खरंच आहे ते, बोलणार काय! एकाच घरात लाल आणि निळे असतात. इथल्या कचऱ्याचे डबे जांभळे आहेत, आणि लोक सांगतात की कुणा एका बाजूचा रंग नको म्हणून दोन्ही मिसळले.

आता रिकाम्या मैदानात काय बघायचं ते सांगते. पाच वेळा जिंकल्यामुळे २००५चा तो खरा कप क्लबला कायमचा मिळाला, तो तिथल्या संग्रहालयात आहे. आणि तुमच्यासाठी खास: गोलमागच्या ज्या स्टँडला ‘कॉप’ म्हणतात, त्याला १९०६मध्ये ते नाव पडलं दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉपच्या टेकडीवरून. १९००च्या जानेवारीत बोअर युद्धात तिथे लँकेशायरच्या, म्हणजे इकडच्याच भागातल्या, पलटणींची फार माणसं पडली. त्याच लढाईत जखमींना डोल्यांतून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात गांधीजी होते. बोला, आता रेघ खोडता का?

टूरची तिकिटं आधी काढावी लागतात, तेव्हा या आठवड्यात कळवा. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघ्याचा पट्टा आणा. आईला सांगा की मेतकूट आणि भाजणी पुरे, लोणचं इथे मिळतं. आणि मामा पासपोर्टचं कोल्हापूरला जाऊन बघतो म्हणाला होता, त्याचं पुढे काय झालं ते त्याला विचारा. तो येणार असेल तर तिकिटं चार काढते.

तुमची,
ताई