साहेब, सुकतीच्या वेळी या

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सस्नेह नमस्कार.

मी वेंगुर्ला तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातून हे पत्र लिहीत आहे. सकाळी बंदरावर मासळीच्या लिलावाचा हिशेब लिहितो, संध्याकाळी गावातल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. तरुणपणी तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यातल्या पेडण्याकडच्या गावांतून खेळलो, तेवढीच माझी पात्रता. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा दोन मुदती अध्यक्ष होतो, त्यामुळे शाळेचा कारभारही आतून पाहिला आहे. आमच्या किनाऱ्यावर चांगला फुटबॉल खेळणारी मुलं आहेत आणि खेळाडू निवडण्याची आपली पद्धत त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, हे आपल्या कानावर घालायचं आहे.

आमचं मैदान म्हणजे पुळण, समुद्रकाठची वाळू. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. सुकती लागली की ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि दोन-अडीच तास खेळायला मिळतात. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे ही वेळ संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास येते. अष्टमीला मात्र नेमकी त्याच वेळी भरती असते आणि मैदान पाण्याखाली जातं. मुलं भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून सरावाला येतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित त्यांना पाढे पाठ व्हायच्या आधी येतं.

या मुलांतल्या एकाबद्दल सांगतो. वय बारा, वडील बोटीवर खलाशी. पुळणीवर खेळताना चेंडू हमखास पाण्यात जातो. मागे फिरणारी लाट त्याला ओढून नेते आणि सगळी पोरं त्याच्यामागे पाण्यात धावतात. हा धावत नाही. जागेवर थांबून लाटांकडे बघतो, मग दहा-पंधरा पावलं बाजूला सरकतो आणि उभा राहतो. पुढच्या लाटेबरोबर चेंडू त्याच्या पायाशी येऊन पडतो. खेळतानाही त्याचं हेच असतं. चेंडू कुठे आहे त्यापेक्षा तो कुठे येणार आहे, हे त्याला आधी दिसतं. दम, वेग, लाथेतली ताकद या गोष्टी सरावाने वाढवता येतात. ही नजर मात्र मला कुणाला शिकवता आलेली नाही.

गेल्या वर्षी जुलैमध्ये त्याला आणि आणखी तिघांना मी एका निवड चाचणीला नेलं. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्यावर ओढलेली आणि घरात मिळकत नाही, त्यामुळे मॅजिक गाडीच्या भाड्यासाठी चार घरांतून पैसे गोळा करताना मलाच संकोच वाटत होता. बुटांशिवाय मैदानात घेणार नव्हते, आणि ते बरोबरच आहे. बूट आणि शिनगार्ड हा खेळाचा नियम आहे. बूट मागून आणले. याच्या वाट्याला आलेले दोन नंबर मोठे होते, पुढे कापडाचे बोळे कोंबले. तिथे आधी उंची आणि वजन झालं, मग तीस मीटर धावणं, उभ्याने लांब उडी. शेवटी तांबड्या चिखलात पाऊण तास उभी राहिलेली मुलं पंधरा-वीस मिनिटं खेळवली. याला चेंडू तीन-चारदा मिळाला. एकदा घसरून पडला. यादीत नाव आलं नाही, उंची कमी पडते असं सांगितलं. परत येताना बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘काका, बूट घातले काय माका बॉल कळना नाय.’’

साहेब, त्याचा जन्म नोव्हेंबरचा आहे. वयोगट 1 जानेवारीपासून धरतात, म्हणजे त्याच गटातला जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा. बाराव्या-तेराव्या वर्षी दहा महिन्यांत हाड केवढं वाढतं, हे कुणाही आईला विचारा. जगभर लहान वयोगटांच्या निवडीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांचा भरणा दिसतो आणि त्याचं कारण खेळापेक्षा वयात जास्त असतं. मोठ्या अकादम्यांना हे ठाऊक आहे. त्या मुलाला दोन-तीन वर्षं पुनःपुन्हा बघतात. आम्हाला एक दिवस मिळतो, तोही जुलैतला.

‘कोकणात फुटबॉल नाही’ असं मी अनेकदा ऐकलं आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार होती. एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची 16 लाख 15 हजार. त्या एवढ्याशा गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो यांच्यासारखे भारताचे कर्णधार दिले. समुद्र तोच, वाळू तीच, माशाची कढी तीच. खाडीच्या पलीकडच्या वाड्यांवर खेळायला जागा राखून ठेवलेली आहे, गावागावांच्या स्पर्धा आहेत आणि क्लबची माणसं त्या स्पर्धा बघायला येतात. खाडीच्या आमच्या बाजूला तसं काही नाही. आमच्याकडची दोन मुलं आता तिकडे मावशीकडे राहून खेळतात. ज्यांची तिकडे मावशी नाही, त्यांचं काय, असा प्रश्न मला पडतो.

आता सगळ्यात मोठ्या अडचणीकडे येतो, कारण ती आपल्या एका आदेशाने सुटण्यासारखी आहे.

आपल्याकडे मूल स्पर्धेत उतरतं ते शाळेच्या संघातून. आमच्या शाळेचा पट चौदा आहे, पहिली ते सातवी मिळून, मुलं-मुली धरून. शेजारच्या वाडीतल्या शाळेचा पट नऊ. पट वीसच्या आत असलेल्या अशा शाळा रत्नागिरी-सिंधुदुर्गात जागोजागी आहेत. माणसं मुंबईला गेली, घरटी एखादं मूल राहिलं. चौदांच्या शाळेतून अकरा जणांचा संघ कुठून उभा करायचा? त्या खलाशाच्या मुलाचं नाव आजवर एकाही शालेय स्पर्धेच्या अर्जावर गेलेलं नाही. तो हरला नाही की वगळला गेला नाही, त्याला उतरायलाच मिळालं नाही.

शिक्षकाचंही तसंच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक वर्गांसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे, पण पट शंभरच्या वर असेल तर. समितीचा अध्यक्ष असताना मी ती ओळ तीनदा वाचली. मुंबई-पुण्यातल्या शाळेला शंभराची अट मोठी नसेल. आमच्या किनाऱ्यावर ती अट म्हणजे कायमचा नकार आहे. आमच्या दोन गुरुजींना सात वर्ग, पोषण आहार आणि ऑनलाइन माहित्या भरणं एवढं सांभाळून चेंडूकडे बघायला वेळ होत नाही आणि त्यांना मी दोष देत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, केंद्राचा संघ मान्य करा. आसपासच्या आठ-दहा शाळांचं एक केंद्र आपल्याच शिक्षण व्यवस्थेत आधीपासून आहे. केंद्रप्रमुख आहे, केंद्रशाळा आहे. त्या सगळ्या शाळांची मुलं एकत्र घेऊन एक संघ उतरवायची मुभा द्या. नवी इमारत, नवं पद, काहीच लागत नाही. केंद्राला मिळून एक मानधनावरचा प्रशिक्षक दिलात तर फारच उत्तम. सकाळी बंदरावर नाहीतर बागेत काम करणारे आणि संध्याकाळी मोकळे असणारे जुने खेळाडू प्रत्येक गावात एक-दोन सापडतील. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्स हा प्रशिक्षकांचा सुरुवातीचा कोर्स ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीतून, शनिवार-रविवार धरून ठेवला तर आम्ही तो करू. मला तो करायचाच होता, पण बंदरावरचं काम सलग टाकून शहरात जाऊन राहणं जमलं नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. शालेय फुटबॉलमध्ये मानाची स्पर्धा सुब्रतो चषकाची, 1960 पासून चालत आलेली. तिची देशपातळीवरची फेरी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, म्हणून आपल्याकडच्या खालच्या फेऱ्या भर पावसात उरकाव्या लागतात. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुळण खवळलेल्या समुद्राने खाल्लेली असते. मळ्यांत लावणी चालू असते, आणि आमची मुलं शाळेतून आली की तरवा म्हणजे भाताची रोपं काढायला आणि त्यांच्या पेंढ्या पोचवायला घरच्यांबरोबर असतात. सपाट जागा उरते ती सड्यावरची, तिथे जांभा दगड. पडलं की गुडघा सोलतो. दोन महिने चेंडूला पाय न लावता मुलं थेट स्पर्धेला जातात.

त्यातून जिल्ह्यात कुणी जिंकलंच तर पुढे विभाग. क्रीडा खात्याच्या रचनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात. आंबोलीचा घाट चढून, धुक्यातून, दरडीच्या धास्तीने जायचं आणि समोर उभं राहायचं ते कोल्हापूरच्या मुलांपुढे. पेठापेठांतून तालीम मंडळांचे संघ, शाहू स्टेडियमवर गर्दी, घराघरात फुटबॉल असलेलं गाव ते. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. कोल्हापूरबद्दल मला आदरच आहे. आमच्या मुलांना त्यांच्याशी खेळायला मिळावं असंच वाटतं, पण वर्षातून एकदा, एकाच बाद सामन्यात, आणि तेवढ्यावर ‘कोकणात दम नाही’ असा शेरा, हे बरोबर नाही.

सुब्रतोची तारीख आपल्या हातात नाही, हे मला समजतं. पण नोव्हेंबरात भात कापलं की मळे मोकळे होतात, पुळण परत भरते, आकाश स्वच्छ असतं. नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यावरच्या तालुक्यांची केंद्रवार लीग घ्या. सात-सात जणांची घ्या, म्हणजे जागा आणि मुलं दोन्ही पुरतील. क्रीडा प्रबोधिनीची, म्हणजे सरकारच्या निवासी क्रीडा केंद्रांची, निवडही त्या लीगमधून, चार-पाच सामने बघून करा. याच दिवसांत आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात, चाकरमान्यांच्या वर्गणीतून मोठी बक्षिसं लागतात. त्याचा मला राग नाही. माणसं जमतात, मुलं खेळ बघतात. पण तिथे लहान मुलांना खेळायला मिळत नाही, बघायलाच मिळतं.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. माझ्याकडे आठ मुली येतात. त्यांच्यातली एक गोलरक्षक आहे. आई मासे विकते, ही शाळेच्या आधी तिला टोपली उचलून देते, आणि चेंडू धरताना तिची बोटं सुटत नाहीत. आठवीला तिची शाळा बदलली, अकरा किलोमीटरवर गेली. मुलींना शाळेपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, हे सरकारने फार चांगलं केलं. पण सराव करून निघालं तर शेवटची गाडी चुकते, आणि स्पर्धेच्या ठिकाणापर्यंत तो पास चालत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक आमच्या दोन्ही अंगांना झाला, खाली मडगावला आणि वर नवी मुंबईला. अंतिम सामना नवी मुंबईतच झाला. त्या मुलीने तो मोबाइलवर पाहिला. सराव आणि स्पर्धेसाठी खेळाडू मुला-मुलींना जिल्ह्याच्या हद्दीत एसटीचा पास द्या. खर्च फार नाही.

आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलंही आमच्यात खेळतात आणि मनापासून खेळतात. हंगाम संपला की बाग बदलते, शाळा बदलते, आणि मूल दिसेनासं होतं. त्यांच्यासाठी काय करता येईल ते मला सुचत नाही. आपल्याकडे जाणकार माणसं आहेत, त्यांनी विचार करावा.

15 सप्टेंबर 2017 हा दिवस मला चांगला आठवतो. विश्वचषक भारतात येणार म्हणून राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरलं होतं. आमच्या भागातल्या एका शाळेत नवे कोरे चेंडू आले. पावसाची भुरभुर होती, तरी मुलं नाचली, फोटो निघाले, मीही ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी ते चेंडू शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, डेडस्टॉक रजिस्टरला, चढले आणि कपाटात गेले. फाटला तर भरून कोण देणार, ही गुरुजींची भीती खरी होती. काही वर्षांनी कपाट उघडलं तेव्हा रबर चिकट होऊन चेंडू एकमेकांना धरून बसले होते. साहेब, वापरून फाटलेल्या चेंडूचा हिशेब शाळेला मागू नका, एवढं साधं परिपत्रक काढा. चेंडू फाटायलाच हवा.

स्टेडियम मागत नाही. ओरोसला जिल्ह्याचं क्रीडा संकुल आहे, ते आम्हाला पन्नास किलोमीटरवर आहे. गावातली एखादी सरकारी सपाट जागा सात-बारावर खेळाचं मैदान म्हणून लावून द्या आणि दगड उचलून त्यावर माती टाकून द्या. अष्टमीला खेळायला तेवढी पुरे.

आणि एकदा आपण स्वतः या. फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये, पौर्णिमा नाहीतर अमावस्या धरून, संध्याकाळी पाचच्या आत पोचाल असं बघा. सत्कार, मंडप, हार काही ठेवणार नाही. पुळणीपर्यंत गाडी येत नाही, शेवटची पाच मिनिटं माडांच्या बागेतून चालावं लागतं. बरोबर निवड समितीतला एखादा माणूस आणा. मात्र त्याला सांगा, की टेप आणि स्टॉपवॉच गाडीतच ठेव आणि तासभर नुसतं बघ.

आपला,
एक पालक आणि संध्याकाळचा प्रशिक्षक
वेंगुर्ला तालुका, जि. सिंधुदुर्ग